गुत्त्यातला भात

आधी बायचं सांगते, मग बाकीचं.

बाय म्हणजे ठाण्याच्या त्या जुन्या गुत्त्याची मालकीण. अंगावर लाल चौकटीचं लुगडं, गळ्यात बारीकसा क्रॉस, पाय कायम अनवाणी आणि कायम ओले. फिरंग्यांच्या काळापासून किरिस्ताव असलेलं घर, पण घरात बोलणं सगळं कोळ्यांसारखं, मराठीतलं. तिनं मला काम दिलं असं कुणीही म्हणेल. काम काय, पुष्कळ जण देतात. बायनं माझ्या बापाला माझ्या हातचं पाणी पाजलं. ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. म्हणून सुरुवात तिच्यापासून.

स्टेशनच्या पुलावरून उतरून बाजार ओलांडला की खाडीकडे उतरणारी एक अरुंद गल्ली होती. गाव तिथे जरा खाली बसल्यासारखं वाटायचं. गल्लीच्या तोंडाशी पानवाला आणि शेवटाला कौलारू दुमजली घर. वर बाय राहायची, खाली गुत्ता. बोर्डावर परमिट रूम लिहिलेलं होतं म्हणे, पण अक्षरं खारट हवेनं इतकी खाल्लेली की ज्याला ठाऊक होतं त्यालाच वाचता यायचं. आत लांबलचक बाकडी, मधे संगमरवरी फळ्यांची टेबलं, गोटी सोड्याच्या बाटल्यांच्या पेट्या, लाकडाच्या भुशात झोपवलेली बर्फाची लादी. एका भिंतीवर येशूची तसबीर, समोरच्या भिंतीवर एकवीरा आई, आणि दोघांसमोर एकाच काडीनं पेटवलेल्या उदबत्त्या.

दुपारी तिथे एक वेगळाच उजेड पडायचा. खिडक्यांना निळ्या-हिरव्या काचा होत्या. भरतीला गल्लीतल्या गटारातून पाणी वर यायचं, त्याच्यावर ऊन पडायचं आणि त्याची जाळी छतावर हलत राहायची. गिऱ्हाइकं बोलता बोलता गप्प व्हायची, वर बघत बसायची. मला तर अजून झोपेत ते छत दिसतं. खाली कुणी नसतं, फक्त कढत भाताचा वास असतो.

त्या वासानंच मी तिथे गेलेले.

माझं माहेर बुलढाण्याकडचं. सहावीनंतर माझं नाव काढलं, कारण शाळा सातवीपासून दुसऱ्या गावाला होती आणि वाटेत ओढा होता. लग्न होऊन विठ्ठलवाडीला आले. नवरा डोंबिवलीच्या एका कारखान्यात रंग ढवळायचा. वर्ष भरलं नाही तोच कारखान्याला टाळं लागलं. तो मिळेल ते करायचा, कधी भाजीची गाडी, कधी हमाली. मीही कामाला निघाले. एका बाईनं कोपरीतल्या बिल्डिंगींत भांडी मिळतील म्हणून सांगितलेलं. तिथे कुणी दार उघडलं नाही. परतताना पुलावर चुकीच्या बाजूला उतरले, बाजारात हरवले, आणि गल्ली दिसेल तशी चालत राहिले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. एका घराच्या मागच्या अंगणात चुलीवर हा एवढा टोप, त्याच्यात भात रटरटतोय, आणि एक म्हातारी पेज काढतेय. मला वाटलं खानावळ. मी विचारलं, खानावळीत कामाला बाई पाहिजे का.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाली, "आधी जेव गो. मग बघू, कसली खानावळ ती."

मी जेवले. उभ्यानं ती माझ्याकडे बघत होती. नंतर कळलं, ती स्वतः कधी बसून जेवतच नसे. सगळ्यांचं झालं की टोपाच्या तळाचं ताटलीत घेऊन दाराच्या चौकटीला टेकून चार घास खायची, नजर आत.

माझं जेवून झाल्यावर उद्यापासून ये म्हणाली. त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या गावचा एक माणूस कल्याणहून परत जाणार होता. त्याच्याबरोबर मी निरोप पाठवला, बाबांना सांगा, मला ठाण्याला खानावळीत काम लागलं. खोटं नव्हतं बोलले. मला तेव्हा तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीचा पडदा उघडला आणि बाकड्यावरचे पेले दिसले, तेव्हा निरोप भुसावळ ओलांडून गेलेला.

मी पडदा परत ओढून घेतला. कारण माझ्या बापाचा नेम होता. त्याचा मोठा भाऊ दारूनं गेला. त्या दिवसापासून ज्या घरात दारू शिरते तिथलं पाणीसुद्धा तो घेत नसे. माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा पिऊ लागला, तर बाबा तिच्या अंगणापर्यंत जायचे, खुशाली विचारायचे आणि फिरायचे. आत्या तांब्या घेऊन तशीच उभी. मी लहान होते, बाबांचं बोट धरून. वळून बघितलं की ती दिसायची, तांब्या दोन्ही हातांत धरलेला, पुढे केलेला, आणि घ्यायला कुणी नाही. मला त्या तांब्याची भीती बसली ती बसलीच.

मी बायला सांगितलं, मला जमणार नाही, जाते. ती तांदूळ निवडत होती. जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. सूप माझ्यापुढे सरकवलं आणि त्या घराची गोष्ट सांगायला लागली. मी निवडत बसले. मग रोजच निवडत बसले.

तिच्या आजेसासऱ्यानं माडाच्या झाडाखाली ताडी विकायला सुरुवात केली. कळशीतून ओतायची आणि नारळाच्या करवंटीत प्यायची. मिठागरातली माणसं, होडीवरची माणसं, कामावरून उठून यायची. मग घर बांधलं, बाकडी आली. बाकडी मुद्दाम उंच केलेली, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आत यायचं. पाणी आलं की कुणी उठायचं नाही. पाय वर घ्यायचे, मांडी घालायची, पेला हातात, आणि पाणी ओसरेपर्यंत गप्पा. अनोळखी माणूस मात्र धडपडत बाहेर पळायचा आणि गुडघाभर भिजायचा. त्याच्यावरून ओळखायचं, गिऱ्हाईक नवं की जुनं.

मग दारूबंदी आली. सासऱ्यानं बाहेर खानावळ लिहिलं आणि आत आपलं चालूच ठेवलं. गल्लीच्या तोंडाशी आताच्या पानवाल्याचा बाप बसायचा. पोलीस वळला की तो तिथूनच ओरडायचा, "बाय, भात झाला का?" ही हाक आत आली की पेले पेजेच्या टोपात. दाट पांढऱ्या पेजेत काही दिसत नसे. बाटल्या जाळ्यात बांधून फरशीखालच्या खड्ड्यात, भरतीच्या पाण्यात. तोवर बाकड्यांवर पंगत बसलेली आणि नवी नवरी असलेली ही बाय भात वाढतेय. ज्याची त्याची जागा ठरलेली, ज्याचं त्याचं काम ठरलेलं. हवालदार यायचे, बघायचे, त्यांनाही ताट मिळायचं. बाय म्हणायची, त्यांना सगळं ठाऊक होतं, पण आमची डाळ चांगली होती.

हाक कधी येईल त्याचा नेम नसायचा, म्हणून भात सतत गरम. पुढे कायदा सैल झाला, लायसन मिळालं, बोर्ड लागला. भाताची काही गरज उरली नाही. पण चुलीवरचा टोप कुणी उतरवला नाही. घराला सवयच झाली होती. दुपारी जो उपाशी दिसेल त्याला भात. मी दिसले.

अशी मी त्या गुत्त्याच्या मागच्या चुलीवर लागले. चणे उकडायचे, सुकट भाजायची, पापड तळायचे. संध्याकाळ व्हायच्या आत बाय मला घरी पाठवायची. पुढच्या खोलीत मी फार जात नसे, पण माणसं ओळखीची झाली. एक म्हातारा नाखवा होता, पांढऱ्या मिशांचा. होडी आता मुलं चालवत आणि तो इथे बसून त्यांना शिव्या घालायचा. एक कोर्टातले कारकून होते, शुद्ध बोलणारे, दोन पेगनंतर आणखी शुद्ध बोलणारे. ते मला "अन्नपूर्णाबाई" म्हणायचे. नाखवा म्हणायचा, असं काय म्हणतोस रे, ती चणे उकडते.

घरच्या निरोपांत मी खानावळ म्हणत राहिले. प्रत्येक वेळी तो तांब्या डोळ्यांपुढे यायचा.

आणि मग नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गुत्त्यात फोन वाजला. नवरा विठ्ठलवाडीच्या वाण्याच्या दुकानातून बोलत होता. बाबा न कळवता आलेत. मुगाच्या वड्या आणल्यात. मी दुसरीकडे नेतो म्हटलं तर ऐकत नाहीत, लेकीची खानावळ बघितल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात. आम्ही निघतोय.

मी फोन ठेवला आणि तिथेच खाली बसले. उधाण होतं, फरशीवर बोटभर पाणी आलेलं, साडी भिजली तरी कळलं नाही. बायला म्हटलं, मी स्टेशनवर जाते, त्यांना तिथूनच कुठेतरी नेते, बाजारात नेते, सांगते आज बंद आहे. ती चुलीपाशी गेली, टोपाचं झाकण उचलून बघितलं आणि पुढच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"भात झाला का रे?" ती म्हणाली. मोठ्यानं नाही. जेवायला हाक मारावी तशी.

नाखव्याचा पेला ओठांपाशी थांबला. "बाय, धाड हाय का?"

"धाड नाय. हिचा बापूस येतंय."

इतकंच. मग काय झालं ते मला आजही स्वप्नासारखंच आठवतं, म्हणजे आवाज कमी आणि हालचाल जास्त. नाखव्यानं पेला एका घोटात संपवला आणि तोच पहिला पेजेच्या टोपात सोडला. मग दुसऱ्यांचे. कुणाचा अर्धा उरलेला, त्यानं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि सोडला. इतक्या वर्षांनी फरशीचा दगड उचलला गेला, खाली काळं पाणी चमकलं, बाटल्या जाळ्यातून खाली गेल्या. तरुण गिऱ्हाइकांना काही ठाऊक नव्हतं. म्हातारे त्यांना हाताला धरून जागेवर बसवत होते, तू हितं, तू तिकडं, पाय वर घे. कारकुनांनी वर खोचलेलं धोतर सोडून नीट केलं आणि वाढपी मी होणार म्हणाले. नाखवा म्हणाला, तुझा हात हालतोय, वरण सांडशील, हे कोर्ट नाय. तरी पळी त्यांनीच घेतली. बायनं तव्यावर लसूण-मिरची टाकली आणि एकवीरेपुढे धूप पेटवला. सगळी खोली खोकायला लागली.

"पाणी तरी कशाला देता," पलीकडून कुणीतरी कुरकुरलं.

"पी रे," नाखवा म्हणाला. "मरशील, पण एकदाच."

मी पाणी कशातून द्यायचं म्हणून पेले शोधत होते. एकही पेला असा नव्हता ज्याला वास नव्हता. बाय वर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता, घासून लखलखीत केलेला.

"माझ्या सासूचा," ती म्हणाली. "याला थेंब लागला नाय कवा. याच्यातून दे."

बाबा दारात आले. डोक्याला पांढरा पटका, हातात वड्यांची पिशवी. मागे माझा नवरा, तोंड पडलेलं. बाबा उंबऱ्यावर थांबले. समोर काय तर खोलीभर पाणी, छतावर उन्हाची जाळी हलतेय, आणि पाण्याच्या वर उंच बाकड्यांवर दोन्ही बाजूंना माणसं मांडी घालून भात जेवतायत. कुणी बोलत नाही. कारकुनांना वाटलं शांतता जरा जास्तच होतेय, म्हणून त्यांनी जेवणाआधीचा श्लोक सुरू केला. जेवण अर्धं झालेलं. दुसऱ्या ओळीनंतर ते आरतीत शिरले. नाखव्यानं मान खाली घालून भात चिवडला, त्याचे खांदे हलत होते.

बाबा कितीतरी वेळ उभे राहिले. मग जोडा काढून हातात घेतला, धोतर वर धरलं, पाण्यातून चालत आले आणि नाखव्याच्या शेजारी बाकड्यावर पाय वर घेऊन बसले. पडले नाहीत, पळाले नाहीत. जुन्या गिऱ्हाइकासारखे बसले.

बायनं स्वतः भात वाढला. वाढून झाल्यावर ती त्यांच्यापुढे पाण्यात हात जोडून उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग ताटाकडे. जेवले. डाळ दोनदा मागितली. मग हात धुतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पानी दे माय."

मी तांब्या पुढे केला. माझे हात आत्याच्या हातांसारखे दिसत होते, हे मला त्याच क्षणी दिसलं. दोन्ही हात, तांब्या, पुढे केलेला. बाबांनी घेतला, वरून धार धरली आणि सगळा संपवला. मिशा पुसून इतकंच म्हणाले, की तुमच्या खानावळीत मिरचीचा ठसका फार आहे. सगळी पंगत एकदम हसली. इतकं का हसतायत ते माझ्या नवऱ्यालाही कळलं नाही.

दोन दिवस राहून बाबा निघाले. कल्याणला गाडीची वाट बघत बाकावर बसलेलो. नवरा चहा आणायला गेलेला. बाबा रुळांकडे बघत म्हणाले, "बाई, ते खानावळ नोहे."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"दरवाज्यातच समजलं मले. माह्या भावाच्या आंगाले तोच वास ये. धुपानं जात नाही तो."

"मंग पानी काहून पेले, बाबा?"

त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. गाडीची घोषणा झाली, ती आमची नव्हती. मग म्हणाले, "फिरूनच चाललो होतो. पन एवढे लोक तुही लाज राखून बसले होते, पान्यावर मांड्या घालून. आपापलं सोडून. मी एकट्यानंच काहून मोडू?"

मी रडले नाही. मला फार हलकं वाटलं, इतकं की बाकावरून उठले तर तरंगत जाईन असं. नवरा चहा घेऊन आला, बाबांनी बशीत ओतून प्याला आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या.

काम सोड असं ते कधी म्हणाले नाहीत. दिवाळीनंतर आईचा निरोप आला. बाबा आत्याच्या गावी गेलेले. अंगणात उभे राहिले, आत गेले नाहीत. पण तिनं तांब्या पुढे केला तेव्हा घेतला. आत्या आत जाऊन किती वेळ बाहेरच आली नाही, असं आईनं सांगायला लावलेलं.

गुत्ता त्यानंतर आणखी काही वर्षं चालला. नव्वद साल उलटलं तसा बायच्या दिराचा मुलगा घराच्या मागे लागला. त्याला ते घर विकायचं होतं आणि कागद त्याच्या बाजूनं होते. घेणाऱ्यानं काळ्या काचा लावल्या, थंड हवेचं मशीन आणलं, बाकडी काढून मऊ सोफे टाकले, कोपऱ्यात शोभेच्या माशांची काचपेटी. नाखवा एकदा आत जाऊन आला, म्हणाला, मासे बघायला पैसे देऊ काय मी. पहिल्या उधाणाला सोफे बुडाले. लोकांनी पाय वर घेतले तरी खालून ओल लागलीच. मग त्यांनी जमीन उंच करून घेतली, दगडाखालचा खड्डा सिमेंटनं भरला. चूल तर आधीच गेलेली. आता तिकडून जाताना छतावरची ती जाळी आत पडत असेल का, असा विचार येतो. काचा काळ्या आहेत, नसेल पडत.

बाय वसईला भाचीकडे गेली. निघताना तिनं कुणाला फार काही सांगितलं नाही. मला टोप दिला, आणि सासूचा तो तांब्या. मी म्हटलं, हा तुझ्याकडे ठेव. म्हणाली, माझ्याकडं आता कोण येतंय पाणी प्यायला.

आता डोंबिवलीला माझी स्वतःची खानावळ आहे. खरीखुरी. छोटीच, पाच-सहा टेबलांची, भाजी-पोळी आणि दुपारी भात. नवरा गल्ल्यावर बसतो. मला अजून भीती वाटत राहते, कुठलाही फोन वाजला की हातातलं काम थांबतं, उद्या गिऱ्हाईक येईल का, तांदूळ पुरेल का. ती काही जाणार नाही. पण टोप चुलीवर असतो आणि त्याचा वास बाहेर रस्त्यापर्यंत जातो. कधी कुणी दारात घुटमळतं. मग मी आधी जेव म्हणते, बाकीचं मग.

वसईला मी दोनदा जाऊन आले. बाय थकलीय, गुडघे धरलेत, भाचीच्या घरातसुद्धा दाराला टेकूनच जेवते. मी ये म्हटलं की म्हणते, बघू. पण मी ठरवलंय. एक दिवस गाडी करून तिला डोंबिवलीला आणीन. दुपारची वेळ असेल, पंगत भरलेली असेल. तिला मधल्या खुर्चीवर बसवीन, पाय वर घेऊन, आणि सगळ्यांच्या आधी तिच्या पानात भात वाढीन. ती बसल्या जागी पोटभर जेवेल. मग तिच्याच तांब्यातून, माझ्या हातानं, तिला पाणी देईन. बाय, हे माझं तुला वचन.